देणगीचे पैसे बुडाले: ही फसवणूक की अपहार?

2017 च्या नोव्हेंबरात अमेरिकेत न्यू जर्सीतल्या एका जोडप्याने गोफंडमी या ऑनलाइन देणगी गोळा करण्याच्या संकेतस्थळावर मदतीचं आवाहन टाकलं. फिलाडेल्फियात बाईच्या गाडीतलं पेट्रोल संपलं, रस्त्यावर राहणाऱ्या एका माजी सैनिकाने जवळचे शेवटचे 20 डॉलर तिच्यासाठी खर्च केले, आता त्याला घर मिळवून देऊ या. 14,000 हून जास्त लोकांनी मिळून 4 लाख डॉलरच्या वर रक्कम दिली. पुढच्या वर्षी त्या सैनिकानेच जोडप्यावर दावा ठोकला: माझे पैसे यांनी उडवले. इथवर प्रकरण सरळ अपहाराचं दिसत होतं. मग तपासात बाईचा एक जुना मेसेज सापडला. आवाहन टाकून तासही झाला नव्हता, तेव्हाच तिने ओळखीतल्या एकाला कळवलं होतं की पेट्रोलची गोष्ट रचलेली आहे. सैनिकही त्या बनावात सामील निघाला. अपहाराची तक्रार फसवणुकीचा खटला झाली.

आपल्याकडेही सगळी मेख याच वेळेत आहे. पैसे तुमच्या खात्यातून निघाले तेव्हाच समोरचा खोटं बोलत होता, तर ती फसवणूक: भारतीय न्याय संहितेचं कलम 318. लोकांच्या तोंडी अजून 'चारशे वीस'च आहे. 1 जुलै 2024 पासून त्याची जागा 318(4) ने घेतली, शिक्षा सात वर्षांपर्यंत. याउलट आजारी मूल खरं, हॉस्पिटल खरं, पण जमलेल्या पैशांतून आवाहन करणाऱ्याने स्वतःचं कर्ज फेडलं, तर तो न्यासभंग, म्हणजे बोलीभाषेतला अपहार: कलम 316, शिक्षा साधारणपणे पाच वर्षांपर्यंत. इथे पैसे तुम्ही विश्वासाने सोपवले होते. पाप नंतर शिरलं.

पोलीस ठाण्यात बहुधा दोन्ही कलमं एका दमात लावली जातात. ऑगस्ट 2024 मध्ये दिल्ली रेस क्लबच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या सवयीवर बोट ठेवलं: एकाच व्यवहारात हे दोन गुन्हे एकत्र नांदू शकत नाहीत. आधीपासून फसवायचंच होतं, तर विश्वासाने सोपवणं झालंच कुठे?

पुरावाही त्याप्रमाणे बदलतो. फसवणुकीत आवाहनाचा स्क्रीनशॉट, व्यवहाराचा यूटीआर (बँकेने व्यवहाराला दिलेला ओळख) क्रमांक आणि 'असा पेशंट आमच्याकडे नाही' हे हॉस्पिटलचं पत्र लागतं. अपहारात आवाहनातलं वचन आणि नंतरचा खर्च समोरासमोर ठेवावा लागतो. हे काम जास्त चिकट, कारण आवाहन करणाऱ्याचं बँक स्टेटमेंट तुमच्या हाती येत नाही, ते तपास अधिकारीच मागवू शकतो.

2020 मध्ये कोविडसाठी काढलेल्या पीएम केअर्स निधीच्या खऱ्या यूपीआय आयडीतलं एक 'एस' गाळून खोटा आयडी फिरवला गेला. ही निखळ फसवणूक, शिवाय तोतयेगिरी. म्हणून माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम 66 डी सुद्धा. अशा वेळी ताबडतोब 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करावा. पैसे पुढच्या खात्यांत पांगण्याआधी बँकेने अडवले, तरच ते परत मिळण्याची आशा. अपहारात मात्र पैसे कित्येक महिन्यांपूर्वीच संपलेले असतात, तिथे 1930 चा फारसा उपयोग नाही. रीतसर लेखी तक्रार द्यावी, रक्कम मोठी असेल तर आर्थिक गुन्हे शाखेकडे.

महाराष्ट्रात नोंदणीकृत न्यासाने, म्हणजे ट्रस्टने, घोळ घातला असेल, तर धर्मादाय आयुक्त हा वेगळा दरवाजा आहे. हिशेबाची चौकशी होते, विश्वस्त निलंबित होऊ शकतात, काढलेही जातात. पण तुमचे पाचशे रुपये काही ते कार्यालय खात्यात परत टाकत नाही. न्यास नसलेल्यांनाही वर्गणी गोळा करायला महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्याचं कलम 41 क, म्हणजे धर्मादाय आयुक्तांना कळवण्याची अट, लागू होतं. गणेश मंडळांच्या कार्यकर्त्यांना ते पाठ असतं, ऑनलाइन आवाहन टाकणाऱ्यांच्या गावीही नसतं.

एक प्रसंग मात्र दोन्हींत बसत नाही. उपचाराआधीच मूल गेलं आणि पैसे उरले. पैसे उरले एवढ्यावरून गुन्हा होत नाही. पुढे ते कुणी, कशासाठी वापरले, यावर ठरतं. देणगीदारांनी तिथे आधी हिशेब मागावा, एफआयआरचं नंतर बघावं.