रताळं कुकरमध्ये फिकं का लागतं?

इंदुरात थंडी पडली की सराफ्यात, म्हणजे रात्रीच्या खाऊबाजारात, सगळी गर्दी गराडू नावाच्या कंदाचे तुकडे तळणाऱ्या कढईभोवती, आणि तिकडे कोळशाच्या राखेत शकरकंद, म्हणजे आपलं रताळं, भाजत बसलेल्या ठेलेवाल्याला एकादशी सोडली तर फारसं कोणी विचारत नाही, पण खरी केमिस्ट्री चालू असते ती त्याच्याकडेच. त्याच्याकडचं रताळं नुसतं खाल्लं तरी गोडमिट्ट लागतं, आणि मंडीतून तसलंच रताळं घरी आणून कुकरला तीन शिट्ट्या काढल्या की फिकं, पाणचट. मग घरात सगळे म्हणतात यंदा माल बरा नाही. मालाला काही झालेलं नसतं हो, बहुतेक वेळा घाई नडते.

कच्च्या रताळ्यात थोडी साखर असते, पण जास्त असतो स्टार्च, आणि स्टार्चला स्वतःची गोडी नाही. मात्र त्याच रताळ्यात बीटा-अमायलेज नावाचं एंझाइम भरपूर असतं, ते माळेतून दोन-दोन मणी ओढून काढावेत तसं स्टार्चच्या लांब साखळीच्या टोकापासून ग्लुकोजची एकेक जोडी तोडत जातं. ही जोडी म्हणजे माल्टोज साखर. कच्च्या रताळ्यात माल्टोज जवळपास नसतंच, ते शिजताना तयार होतं. ऊसाच्या साखरेच्या मानाने त्याची गोडी साधारण तिसरा हिस्साच, पण बनतं इतकं की फरक जिभेला लगेच कळतो.

आता गंमत अशी की कच्चे स्टार्चचे कण घट्ट असतात, एंझाइमला आत शिरता येत नाही. साधारण 60-65 अंशांच्या पुढे ते पाणी पिऊन फुगतात, मोकळे होतात, आणि मग काम सुरू. पण 80 च्या आसपास एंझाइमच खलास होतं. म्हणजे जे काही गोड व्हायचंय ते या मधल्या पट्ट्यात, आणि रताळं तिथे जितका वेळ रेंगाळेल तितकं चांगलं. कुकरमध्ये तापमान 100 च्याही वर जातं, पट्टा काही मिनिटांत ओलांडला जातो. मायक्रोवेव्ह तर त्याहून घाईचा, त्यात केलेलं रताळं मऊ होतं पण गोडीच्या नावाने बोंब. राखेत मात्र उष्णता सालीपासून गाभ्यापर्यंत हळूहळू सरकते. नीट बघा, भाजलेल्या रताळ्याच्या टोकाला साल फाटून काळपट चिकट थेंब आलेले असतात, तो आतलाच पाक, बाहेर येऊन करपलेला, आणि तो खमंग वास बराचसा त्याचाच. बटाट्यात हे एंझाइम फारच कमी, म्हणून तो कितीही वेळ भाजा, बटाटाच राहतो.

घरी काय करायचं? अख्खी रताळी, सालीसकट, गार पाण्यात ठेवा आणि गॅस अगदी बारीक. पातेल्याच्या तळाला बारीक बुडबुडे धरायला लागले, पण उकळी नाही, की समजा 70 च्या आसपास आलं, तिथे अर्धा तास तरी रेंगाळू द्या, मग खुशाल उकळा. सोलून, कापून टाकाल तर झालेली साखर पाण्यात जाईल, तेव्हा ते नको. ओव्हन असेल तर 150 वर तासभर किंवा जास्त, जाडीप्रमाणे. रताळ्याच्या किसाचं मात्र वेगळं, कीस बारीक, कढई तापलेली, दोन मिनिटांत सगळं पार, म्हणून तर त्यात वरून साखर घालावी लागते. तूप-जिऱ्यात परतून लगेच झाकण ठेवून आच मंद केली तर साखर थोडी कमी लागते, माझ्या मते दाण्याचं कूटही शेवटीच घालावं.

आणि कृपा करून रताळी फ्रिजमध्ये ठेवू नका. हे उष्ण प्रदेशातलं मूळ, आलंय अमेरिका खंडातून, त्याला 13-15 अंश बरे वाटतात, त्याहून बऱ्याच थंडीत राहिलं की आतले पेशीपडदे बिघडतात आणि मग कितीही शिजवा, मध्ये एक कडक गाठ राहतेच. इंदुरात जानेवारीत रात्री पारा कधी कधी 10 च्या खाली जातो, तेव्हा गॅलरीतली टोपली आत घ्या, पेपरात गुंडाळून ठेवा.

चिरल्यावर काळं पडतं ते त्यातल्या क्लोरोजेनिक आम्लाचा हवेशी संबंध आल्यामुळे, पाण्यात टाकलं की थांबतं. याच आम्लामुळे रताळ्याच्या पिठात खायचा सोडा पडला तर कधी कधी चक्क हिरवट झाक येते, सडलं समजून फेकू नका.

केशरी गराचं मिळालं तर जरूर घ्या. त्यात बीटा-कॅरोटिन असतं, त्यापासून शरीर अ जीवनसत्त्व बनवतं, पण ते पचायला सोबत थोडं तूप हवं. ही केशरी रताळी आफ्रिकेत पोचवणाऱ्यांना 2016 साली वर्ल्ड फूड प्राइझ मिळालं होतं. फक्त ज्यांना डायबेटिस आहे त्यांनी राखेतलं गोडमिट्ट सोडून उकडलेलं, तेही बेतानं, खावं, कारण भाजलेल्यानं रक्तातली साखर उकडलेल्यापेक्षा जास्त झपाट्यानं चढते.