हेत्वाभास

वरवर हेतू (म्हणजे अनुमानासाठी दिलेले कारण) वाटतो, पण त्यावरून सिद्ध काहीच होत नाही, अशा सदोष हेतूला न्यायदर्शनात, म्हणजे तर्काचा विचार करणाऱ्या भारतीय दर्शनात, हेत्वाभास म्हणतात. गौतमाच्या न्यायसूत्रांतील १६ पदार्थांमध्ये (विचाराच्या विषयांमध्ये) त्याची गणना आहे. गौतमाने त्याचे ५ प्रकार मानले: सव्यभिचार, विरुद्ध, प्रकरणसम, साध्यसम आणि कालातीत. पुढच्या ग्रंथांत यांतली काही नावे बदलली.

‘डोंगरावर आग आहे, कारण धूर दिसतो’ हे अनुमान बिनचूक. तेच उलटे करून ‘धूर असणारच, कारण आग आहे’ म्हटले की हेतू घसरतो. लोहाराच्या भट्टीतून काढलेला लालभडक गोळा धगधगतो, पण धूर सोडत नाही. धूर यायला सरपण ओले लागते. ही न बोललेली अट म्हणजे उपाधी. चूल पेटवणाऱ्याला ती ठाऊक असते, वाद घालणाऱ्याच्या मात्र नजरेतून सुटते.

हेतू ठीक असूनही संवाद फिसकटतो तो छलामुळे, म्हणजे समोरच्याच्या शब्दांचा भलताच अर्थ लावल्यामुळे. न्यायसूत्रांचा भाष्यकार वात्स्यायन याचे उदाहरण मराठीतही जसेच्या तसे चालते. ‘हा मुलगा नवकंबल आहे’, म्हणजे त्याची घोंगडी नवी आहे. पण ‘नव’ म्हणजे नऊही. ऐकणारा म्हणतो, ‘नऊ कुठे आहेत? एकच तर दिसते!’ मग मूळ मुद्दा बाजूला राहतो आणि घोंगड्या मोजणे सुरू होते. हा वाक्छल. ‘माळे ओरडताहेत’ (म्हणजे माळ्यांवरची माणसे) म्हटल्यावर ‘लाकूड कुठे ओरडते?’ असे विचारणे हा उपचारच्छल.

सत्य शोधण्यासाठी चाललेल्या ‘वादा’त छल वर्ज्य आहे, जिंकण्यासाठीच्या ‘जल्पा’त तो चालतो. स्वतःची बाजूच न मांडता समोरच्याचे फक्त खोडत राहणे ती वितंडा. मराठीत वितंडवाद हा निव्वळ दूषणाचा शब्द उरला आहे. गौतम जल्प आणि वितंडा यांना कोवळ्या अंकुरांभोवतीच्या काटेरी कुंपणाची उपमा देतो, हे सहसा कोणी सांगत नाही.

हार ठरवणारी निग्रहस्थाने २२ आहेत आणि त्यांत हेत्वाभासही येतात. तीनदा सांगूनही सभेला आणि प्रतिपक्षाला कळले नाही, तर दोष बोलणाऱ्याचा (अविज्ञातार्थ). सभेला कळलेले, तीनदा सांगितलेले म्हणणे प्रतिपक्षाला परत सांगता आले नाही, तर दोष त्याचा (अननुभाषण). आणि अडचणीत आल्यावर ‘मला जरा काम आहे’ म्हणून उठून जाणे, यालाही नाव आहे: विक्षेप.