मिसफायर आणि मिसफीड: मॅगझीन तपासताना कोणता दोष कोणाच्या नावावर मांडायचा

पिस्तुलाचा चाप ओढला, 'टक्' असा कोरडा आवाज आला आणि गोळी सुटलीच नाही, असा प्रसंग नेमबाजीच्या रेंजवर प्रत्येकाच्या वाट्याला कधी ना कधी येतो. नाशिकमध्ये मी ज्या रेंजवर सराव करतो आणि नवीन मुलांना शिकवतो, तेथे या प्रसंगासाठी सर्वांच्या तोंडी एकच शब्द आहे: 'जाम झालं'. पिस्तुलाला नुकतेच दुसऱ्या उत्पादकाचे, जास्त काडतुसे मावणारे लांब मॅगझीन, म्हणजे मुठीत बसणारी काडतुसांची पेटी, लावलेले असेल, तर निकाल त्याच क्षणी लागतो आणि मॅगझीन खराब ठरते. हा निकाल अनेकदा चुकीचा असतो, कारण एकाच आवाजामागे दोन अगदी वेगळे बिघाड असू शकतात. एक म्हणजे मिसफायर आणि दुसरा म्हणजे मिसफीड. पहिल्याचा मॅगझीनशी बहुधा संबंध नसतो, तर दुसऱ्यात पहिला संशयित मॅगझीनच असते.

मिसफायर म्हणजे काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाच्या कप्प्यात, जागेवर पोहोचले होते, घोडा (हॅमर) पडला, काडतुसावर आघात करणारी फायरिंग पिनही पुढे गेली, परंतु काडतूस पेटले नाही. मिसफीड म्हणजे काडतूस मॅगझीनमधून चेंबरपर्यंत पोहोचलेच नाही. काडतूस वाटेत तिरके अडकून स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, अर्धवट उघडी राहिली असेल, तर हा बिघाड डोळ्यांना सरळ दिसतो आणि तेथे घोटाळा होण्याचे कारण नाही. घोटाळा होतो तो मिसफीडच्या दुसऱ्या, लपलेल्या प्रकारामुळे, ज्यात स्लाइड पूर्ण बंद होते, पिस्तूल बाहेरून अगदी तयार दिसते आणि चेंबर मात्र रिकामे असते.

हा लपलेला प्रकार कसा घडतो, हे समजले की लांब मॅगझीनची तपासणी कशासाठी करायची, हेही समजते. गोळी सुटल्यावर स्लाइड मागे जाते, रिकामी पुंगळी बाहेर फेकते आणि लगेच पुढे येते. या क्षणभरात मॅगझीनच्या स्प्रिंगने काडतुसांची सगळी चळत वर ढकलून सर्वांत वरचे काडतूस मॅगझीनच्या ओठांशी, म्हणजे वरच्या आत वळलेल्या कडांशी, टेकवलेले असायला हवे. चळत वेळेत वर आली नाही, तर परतणारी स्लाइड काडतुसाला मागून न ढकलता त्याच्या वरून निघून जाते आणि रिकाम्या चेंबरवर बंद होते. मूळ मॅगझीनमध्ये सात-आठ काडतुसांचे वजन उचलणाऱ्या स्प्रिंगला लांब मॅगझीनमध्ये दहा-बारांचे वजन उचलावे लागते, आणि तेही जास्त अंतरातून. स्प्रिंग त्या प्रमाणात बदललेली नसेल, तर ती उशिरा पोहोचते. उलट स्प्रिंग फारच कडक असेल, तर पूर्ण भरलेले मॅगझीन बंद स्लाइडखाली नीट अडकत नाही आणि वरचे काडतूस ओठांशी इतके दाबले जाते की स्लाइडचा वेग त्यातच खर्च होतो.

लांब मॅगझीनचा आणखी एक धोका आहे, ज्याकडे फारसे कोणी पाहत नाही. छोट्या पिस्तुलाचे मूळ मॅगझीन मुठीच्या तळाशी संपते आणि त्याचा तळ मुठीला टेकल्यामुळे ते ठरावीक उंचीच्या वर जाऊ शकत नाही. लांब मॅगझीन मुठीखाली बोटभर बाहेर राहते. त्या बाहेरच्या भागावर कॉलर, म्हणजे मुठीला टेकून त्याला अडवणारे आवरण, नसेल, तर जोरात मारून बसवताना ते गरजेपेक्षा वर जाते आणि स्लाइडच्या मार्गात येऊ शकते. टेबलावर टेकवून नेम धरणारे तर नकळत त्याला सतत वर रेटत असतात, आणि मग मॅगझीनला दोष देतात.

मिसफायरची कारणे या सगळ्यापासून दूर, काडतुसात आणि फायरिंग पिनमध्ये असतात. येथे .२२ आणि .३२ या दोन बोअरांतला, म्हणजे नळीच्या मापांतला, फरक महत्त्वाचा ठरतो. स्पर्धेच्या २५ मीटर पिस्तुलात वापरले जाणारे .२२ लाँग रायफल काडतूस रिमफायर असते, म्हणजे त्याचे पेटणारे मिश्रण पुंगळीच्या कडेच्या पोकळीत पसरवलेले असते. कडेच्या एखाद्या भागात ते पोहोचलेले नसेल आणि पिन नेमकी तेथेच बसली, तर काडतूस पेटत नाही, म्हणून.२२ मध्ये मिसफायर तुलनेने जास्त आढळते. नागरी परवान्यावर जे .३२ बोअरचे पिस्तूल बहुतेकांकडे असते, त्याचे काडतूस सेंटरफायर असते आणि त्याच्या तळाच्या मध्यभागी वेगळा प्रायमर, म्हणजे आघाताने पेटणारी छोटी टोपी, बसवलेला असतो. तेथे मिसफायर झाले, तर तेल किंवा ओलाव्याने खराब झालेला प्रायमर, थकलेली हॅमर स्प्रिंग, घाणीने मंदावलेली पिन किंवा केसभर उघडी राहिलेली स्लाइड, यांपैकी काहीतरी कारण निघते. यातल्या शेवटच्या कारणात मात्र मॅगझीनचा हात असू शकतो, हे लक्षात ठेवावे.

आता हे ओळखायचे कसे? पहिली गोष्ट ओळखण्याची नाही, थांबण्याची आहे. 'टक्' आवाज आल्यावर पिस्तुलाची नळी लक्ष्याकडेच ठेवून किमान ३० सेकंद स्तब्ध राहावे, कारण काही वेळा प्रायमर उशिराने पेटतो आणि काडतूस क्षणभर थांबून उडते. देवळालीच्या तोफखान्यामुळे नाशिकमध्ये निवृत्त जवानांची संख्या मोठी आहे आणि रेंजवर त्यांचा सल्ला आदराने ऐकला जातो. मॅगझीनच्या तळाला थाप मारायची, स्लाइड ओढायची आणि पुढे चालू ठेवायचे, ही त्यांची सवय रणांगणासाठी योग्यच आहे, कारण तेथे थांबणे अधिक घातक असते. रेंजवर तसे कारण नसते, आणि त्या घाईत पुरावाही नष्ट होतो. त्याच्या उलट प्रसंगही सांगितला पाहिजे: आवाज 'टक्' नसून नेहमीपेक्षा दबका, फुसका आला, तर गोळी नळीत अडकलेली असू शकते आणि अशा वेळी पुढची गोळी कदापि झाडू नये.

वेळ झाल्यावर आधी मॅगझीन काढून बाजूला ठेवावे, त्यानंतर स्लाइड हळू मागे ओढावी आणि चेंबरमधून काय बाहेर येते ते पाहावे. जिवंत काडतूस बाहेर आले, तर बहुधा मिसफायर. काहीच आले नाही आणि चेंबरही रिकामे दिसले, तर मिसफीड. ही तपासणी इतकी सोपी आहे, तरीही बहुतेक जण मॅगझीन आत असतानाच स्लाइड ओढतात, नवीन काडतूस चेंबरमध्ये चढते, आणि मग बाहेर पडलेले काडतूस कोठले याबद्दल वाद सुरू होतो.

असा वाद झालाच, तर काडतुसे मोजावीत. समजा, मॅगझीनमध्ये दहा काडतुसे भरली होती, चार गोळ्या सुटल्या आणि पाचव्या वेळी नुसता आवाज आला. पाचवे काडतूस चेंबरमध्ये चढले असेल, तर मॅगझीनमध्ये पाच उरलेली असतील. चढलेच नसेल, तर सहा. मी शिकवताना प्रत्येकाला भरलेली संख्या मोठ्याने म्हणायला लावतो, ती याच कारणासाठी.

बाहेर आलेल्या काडतुसाचा तळही बरेच काही सांगतो. पिनचा खड्डा खोल आणि स्पष्ट असेल, तर काडतूस दोषी मानावे. खड्डा उथळ असेल, तर पिन, स्प्रिंग किंवा पूर्ण बंद न झालेली स्लाइड यांकडे पाहावे. खड्डाच नसेल, तर पिन तेथवर पोहोचलीच नाही. याला मिसफायर म्हणणेही बरोबर नाही, पण तपासणीच्या नोंदवहीत ते मिसफीडच्या रकान्यात तर नक्कीच जाऊ नये. काही पिस्तुलांत चाप पुन्हा ओढून घोडा पुन्हा पाडता येतो आणि लोक लगेच तसे करतात. त्याने पहिल्या आघाताची खूण पुसली जाते आणि थांबण्याचा नियमही मोडतो.

.३२ च्या बाबतीत एक खास मिसफीड आहे, आणि आपल्याकडे पिस्तुलांत हेच बोअर सर्वाधिक असल्याने त्यावर थोडे थांबणे आवश्यक वाटते. जॉन ब्राउनिंग यांनी १८९९ च्या सुमारास तयार केलेल्या या काडतुसाच्या तळाची कड पुंगळीपेक्षा किंचित, साधारण अर्ध्या मिलिमीटरने, रुंद असते. मॅगझीन भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्या काडतुसाच्या कडेच्या पुढे राहिली पाहिजे. ती मागे गेली, तर स्लाइड वरच्या काडतुसाला पुढे ढकलू लागताच दोन्ही कडा एकमेकींत गुंततात आणि चळत जागच्या जागी कुलूपबंद होते. काडतूस ठरलेल्या लांबीपेक्षा आखूड असेल, तर मॅगझीनमध्ये पुढेमागे सरकायला जागा मिळते आणि धोका वाढतो. लांब मॅगझीनमध्ये चळत मोठी असल्याने अशा चुकीला जागाही जास्त असते. भरून झालेले मॅगझीन मागच्या बाजूने हलकेच तळहातावर आपटणे ही चांगली सवय मानली जाते, पण.३२ मध्ये त्यावर विसंबू नये आणि प्रत्येक काडतूस कडेची स्थिती पाहूनच भरावे. हा बिघाड भरणाऱ्याच्या हाताचा आहे की मॅगझीनच्या घडणीचा, हे ठरवायचे असेल, तर तेच मॅगझीन दोन वेगवेगळ्या व्यक्तींकडून भरून घ्यावे.

एका दोषावरचा उपाय दुसऱ्या दोषाचे कारण कसा बनतो, याचे उदाहरण मी दर पावसाळ्यात पाहतो. इगतपुरी-त्र्यंबकच्या बाजूला राहणारे परवानाधारक दमट हवेमुळे मॅगझीनला गंज चढेल या भीतीने त्यात सढळ हाताने पातळ तेल सोडतात. मॅगझीन गुळगुळीत चालते, मिसफीड थांबल्यासारखे वाटते आणि काही आठवड्यांनी प्रायमरच्या फटीतून तेल आत झिरपून मिसफायर सुरू होते. दोष पुन्हा मॅगझीनवर येतो आणि त्यात आणखी तेल पडते. मॅगझीनच्या आतील भाग कोरड्या फडक्याने पुसून कोरडाच ठेवावा, तेलाचा हात लागलाच तर बाहेरून. थंडीत निफाडकडे पारा खाली येतो, तेव्हा सकाळच्या सरावात स्लाइडवरचे जाड वंगण आणि .२२ च्या गोळीवरचा मेणासारखा थर घट्ट होऊन स्लाइड मंदावते. तेव्हाचे मिसफीड हे मॅगझीनचे नसते. ऊन चढले की ते आपोआप थांबते.

तपासणीची पद्धत मी अशी ठेवली आहे. प्रत्येक मॅगझीनच्या तळावर मार्करने क्रमांक घालायचा, एकाच लॉटची (उत्पादनाच्या एकाच खेपेची) काडतुसे वापरायची, आणि मूळ मॅगझीन व नवे लांब मॅगझीन आलटून पालटून चालवायचे. मूळ मॅगझीनशिवाय केलेल्या चाचणीला अर्थ नाही, कारण दोष दोन्हींत सारखाच येत असेल, तर नव्या मॅगझीनला त्यातून मोकळे करावे लागते. नवे मॅगझीन आधी पाच काडतुसांनी, नंतर पूर्ण भरून चालवावे. पूर्ण भरल्यावर पहिल्या एक-दोन काडतुसांना अडथळा येत असेल, तर स्प्रिंगचा अतिदाब. शेवटच्या दोनतीनांना येत असेल, तर स्प्रिंगचा अशक्तपणा. शेवटच्या गोळीनंतर स्लाइड उघडी राहण्याची सोय पिस्तुलात असेल आणि ती उघडी राहिली नाही, तर तीही नोंद करावी. परवान्यावर काडतुसांची मर्यादा असते आणि ती स्वस्तही नाहीत, त्यामुळे सुरुवातीची भरण्याची व चढवण्याची चाचणी डमी काडतुसांवर करणेच शहाणपणाचे आहे. डमी मिसफीड दाखवतात, मिसफायर दाखवूच शकत नाहीत, हा त्यांचा येथे मोठा उपयोग.

कायद्याचा मुद्दा थोडक्यात. १९५९ च्या शस्त्र अधिनियमातील व्याख्येत शस्त्रांचे भागही शस्त्रांतच धरले आहेत. त्यामुळे मॅगझीन हे मोबाइलच्या कव्हरसारखे कोठूनही मागवण्याची वस्तू नाही. परवानाधारक विक्रेत्याकडूनच, आणि आधी परवाना देणाऱ्या कार्यालयात, म्हणजे शहरात पोलीस आयुक्तालयात आणि ग्रामीण भागात जिल्हाधिकारी कार्यालयात, विचारून मगच घ्यावे. चाचणीही मान्यताप्राप्त रेंजवरच व्हावी. द्राक्षबागेच्या बांधावर नव्हे.

स्पर्धेतील नेमबाजाला हा भेद वेगळ्या कारणाने महत्त्वाचा आहे. २५ मीटर पिस्तुलाच्या मालिका पाच-पाच गोळ्यांच्या असतात, त्यामुळे लांब मॅगझीनचा तेथे काही लाभ नाही. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार काडतूस न पेटणे हा मान्य बिघाड ठरतो. पण मॅगझीन नीट न बसवल्याने गोळी न चढणे, कमी काडतुसे भरणे किंवा सेफ्टी न काढणे हे अमान्य ठरते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, पंच येण्याआधी नेमबाजाने स्लाइड उघडली किंवा यंत्रणेला हात लावला, तर खरे मिसफायरही अमान्य होते. नळी लक्ष्याकडे ठेवून मोकळा हात वर करायचा, इतकेच त्याने करायचे असते.

गेल्या हंगामात दिंडोरीकडचे एक बागायतदार त्यांचे .३२ चे छोटे पिस्तूल आणि दोन मॅगझीन घेऊन आले होते. लांब मॅगझीन 'दर दहाला एकदा जाम होते' आणि परत करायचे आहे, असे त्यांचे म्हणणे होते. आम्ही दोन्ही मॅगझीनवर क्रमांक घातले आणि एका सकाळी चाळीस काडतुसे चालवली. पाच वेळा 'टक्' आवाज आला, तीन वेळा लांब मॅगझीनमध्ये आणि दोन वेळा मूळ मॅगझीनमध्ये. पाचही वेळा चेंबरमधून जिवंत काडतूस बाहेर आले, पाचही प्रायमरवर पिनचा खड्डा उथळ होता, आणि मॅगझीनमधील उरलेली संख्या दर वेळी हिशेबाशी जुळली. वहीतला मिसफीडचा रकाना कोराच राहिला. पिस्तूल परवानाधारक दुरुस्ती करणाऱ्याकडे गेले, हॅमर स्प्रिंग बदलली गेली आणि लांब मॅगझीन आजही त्यांच्याकडेच आहे.