बार्कलीला नेमकं सोडलं कधी? एका वादाची पार्श्वभूमी

अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल लीगमधल्या न्यूयॉर्क जायंट्सच्या चाहत्यांमध्ये सेक्वॉन बार्कली या रनिंग बॅकचा (चेंडू घेऊन पळणाऱ्या खेळाडूचा) विषय निघाला की दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. "ईगल्सची लाइन पुढे असेल तर कोणीही पळेल" हे एक (लाइन म्हणजे बचावाला ढकलून वाट मोकळी करणारी पुढची फळी), आणि "आपल्याकडे राहिला असता तर हंगामात दोन हजार यार्ड झालेच नसते" हे दुसरं. दोन्हींत तथ्य आहे, पण त्याला सोडायचं नेमकं कधी ठरलं, या मूळ प्रश्नाला दोन्ही बगल देतात. तो मार्च २०२४मध्ये फिलाडेल्फिया ईगल्सकडे गेला, म्हणून वादाची सुरुवातही तिथूनच धरली जाते. करारांच्या तारखा लावून पाहिल्या तर निर्णय त्याच्या वर्षभर आधीच झालेला दिसतो, ७ मार्च २०२३ला.

सोडलेला रनिंग बॅक दुसरीकडे जाऊन चमकला, असं आधीही घडलं आहे. १९९९मध्ये कोल्ट्स संघाने मार्शल फॉकला ड्राफ्टमधल्या (नवे खेळाडू निवडण्याच्या वार्षिक फेऱ्यांमधल्या) दुसऱ्या आणि पाचव्या फेरीच्या पिकच्या, म्हणजे निवडीच्या हक्कांच्या, बदल्यात रॅम्स संघाला दिलं. त्या हंगामात त्याने धावून आणि झेल घेऊन मिळून २,४२९ यार्ड काढले, तो तेव्हाचा विक्रम होता, आणि रॅम्सने सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला. तरी कोल्ट्सच्या चाहत्यांना फार हळहळावं लागलं नाही. त्यांनी ड्राफ्टमधून घेतलेला नवा रनिंग बॅक त्याच वर्षी १,५५३ यार्डांसह लीगमध्ये पहिला आला.

उलट उदाहरण खुद्द फिलाडेल्फियाचं आहे. २०१४मध्ये डॅलसकडून १,८४५ यार्ड पळालेल्या डीमार्को मरीला ईगल्सनी पुढच्याच वर्षी आपल्याकडे ओढलं. तोही असाच डिव्हिजनमधल्या (लीगमधल्या एकाच गटातल्या) शत्रूचा खेळाडू होता. तिथे तो जेमतेम ७०२ यार्डांवर अडला आणि वर्षभरात त्याची रवानगी टेनेसीला झाली. बार्कली गेला तेव्हा ज्यांना धीर हवा होता, त्यांच्या हाताशी हे उदाहरण होतं.

२०१८चा ड्राफ्ट, दुसऱ्या क्रमांकाचा पिक, क्वार्टरबॅक (चेंडू फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू) सोडून रनिंग बॅक घेतला म्हणून झालेली आरडाओरड, हे सगळ्यांना पाठ आहे. पहिल्याच वर्षी एकूण २,०२८ यार्ड, २०१९मध्ये घोट्याची दुखापत, २०२०मध्ये शिकागोत गुडघ्याचं लिगामेंट, २०२१ जवळजवळ वाया. मग २०२२मध्ये नव्या कोचच्या हाताखाली १,३१२ यार्ड, प्लेऑफ आणि मिनेसोटावरचा विजय. त्या हंगामाच्या शेवटी जायंट्सच्या दोन खेळाडूंचे करार एकाच वेळी संपले, क्वार्टरबॅकचा आणि बार्कलीचा. करार संपलेल्या खेळाडूला अडवून ठेवणारा टॅग मात्र एकच लावता येतो.

या टॅगबद्दल थोडं सविस्तर बोलायलाच हवं, कारण वादातला निम्मा गोंधळ या एका शब्दामुळे आहे. फ्रँचायझी टॅग १९९३मध्ये फ्री एजन्सीबरोबरच (करार संपल्यावर हवा तो संघ निवडायच्या मुभेबरोबरच) आला. खेळाडूंना बाजार खुला करून देताना संघांनाही एक दोर हातात ठेवायला मिळाला. नाव असं आहे की हा सन्मान वाटावा: हा आमचा सर्वांत मोलाचा माणूस, याला आम्ही जाऊ देणार नाही. व्यवहारात ती एका वर्षाची सक्ती असते. रक्कम संघ ठरवत नाही आणि खेळाडूही ठरवत नाही. त्या जागेवरच्या सर्वाधिक पगारांच्या सरासरीतून किंवा खेळाडूच्या आधीच्या पगाराच्या १२० टक्क्यांवरून, जे जास्त असेल ते घेऊन, आकडा निघतो.

आता या हिशेबाचा रनिंग बॅकवर काय परिणाम झाला ते पाहा. २०१७मध्ये क्वार्टरबॅकचा टॅग सुमारे २ कोटी १३ लाख डॉलरचा होता, २०२३मध्ये तो ३ कोटी २४ लाखांवर गेला. त्याच सहा वर्षांत रनिंग बॅकचा टॅग १ कोटी २१ लाखांवरून १ कोटी १ लाखावर घसरला. सॅलरी कॅप (संघाच्या एकूण पगारांची मर्यादा) वाढत असताना हे घडलं. संघ रनिंग बॅकना मोठे करार देईनासे झाले, त्यामुळे सरासरी उतरली, सरासरी उतरली म्हणून टॅग स्वस्त झाला, आणि टॅग स्वस्त म्हणून मोठा करार द्यायची गरज आणखी कमी झाली. या चक्रातून एकट्या खेळाडूला बाहेर पडता येत नाही. पिट्सबर्गच्या लेव्हिऑन बेलने २०१८मध्ये दुसऱ्या टॅगवर सही करायला नकार दिला आणि १ कोटी ४५ लाख डॉलर सोडून अख्खा हंगाम घरी बसला. पुढे न्यूयॉर्क जेट्सकडे त्याला करार मिळाला, पण पूर्वीचा खेळ परतला नाही. त्यानंतर प्रत्येक रनिंग बॅकला हेच उदाहरण दाखवलं गेलं.

७ मार्च २०२३च्या दुपारी टॅगची मुदत संपायला काही मिनिटं उरली असताना जायंट्सनी क्वार्टरबॅकशी चार वर्षांचा १६ कोटी डॉलरचा करार पक्का केला. मोकळा झालेला टॅग लगेच बार्कलीवर पडला. क्वार्टरबॅक आधी हे गणित तेव्हा बहुतेकांना पटलं होतं, आणि जागेचं महत्त्व पाहता त्यात तर्क होता हे मान्य करायला हवं. बार्कलीला त्याआधी दीर्घ करार देऊ केला होता, त्यानेच तो नाकारला, हेही संघाच्या बाजूने सांगितलं जातं. वर्षाला १ कोटी २५ लाखांच्या आसपासचा आकडा बातम्यांत आला होता. पण अशा करारात वर्षाची सरासरी हा दाखवायचा आकडा असतो. गुडघा फाटलेल्या माणसाच्या दृष्टीने हमीची रक्कम हाच खरा करार, आणि बोलणी तिथेच अडली. दीर्घ करार करायची १७ जुलैची मुदत उलटून गेली. आठवड्याभराने त्याने १ कोटी १० लाखांपर्यंत जाऊ शकेल असा एका वर्षाचा करार सही केला. पुढच्या वर्षी पुन्हा टॅग लावणार नाही, एवढं साधं कलमसुद्धा त्यात नव्हतं.

म्हणजे मार्च २०२४मध्ये सगळे पत्ते जायंट्सच्या हातात होते. १२० टक्क्यांच्या नियमाने सुमारे १ कोटी २१ लाखांत त्याला आणखी एक वर्ष ठेवता आलं असतं, किंवा टॅग लावून दुसऱ्या संघाशी त्याचा सौदा करता आला असता. दोन्ही न करता त्याला मोकळं सोडलं. ईगल्सनी तीन वर्षांचे ३ कोटी ७७ लाख ५० हजार डॉलर दिले, त्यातले २ कोटी ६० लाख हमीचे. वर्षाची सरासरी काढली तर ती जायंट्सच्या त्या टॅगच्या जवळपासच येते. पैसा परवडत नव्हता म्हणून तो गेला, हे म्हणणं इथे टिकत नाही.

मग कारण काय? ते त्या उन्हाळ्यात सगळ्यांनी पडद्यावर पाहिलं. संघाच्या कार्यालयात एका टीव्ही मालिकेचे कॅमेरे होते. क्वार्टरबॅकला ४ कोटी देतो ते १ कोटी २० लाखांच्या रनिंग बॅकच्या हातात चेंडू देण्यासाठी नव्हे, असा जनरल मॅनेजरचा युक्तिवाद होता. बार्कली फिलाडेल्फियाला गेला तर मला झोप लागणं कठीण आहे, असं मालक म्हणाले. माझ्या मते या वादाची गुरुकिल्ली जनरल मॅनेजरच्या वाक्यात आहे. मार्च २०२३ला मांडलेलं गणितच मार्च २०२४ला पुढे चाललं होतं. मोठा करार एकाला दिल्यावर दुसऱ्याला ठेवण्याचं समर्थन उरलं नाही.

पुढचा भाग ताजा आहे. चाहत्यांनी जर्सी जाळली, त्याला गद्दार म्हटलं. ईगल्सनी नियमबाह्य संपर्क साधल्याच्या आरोपाची लीगने चौकशी केली, त्यातून काही निघालं नाही. साओ पाउलोत पहिल्याच सामन्यात तीन टचडाउन (चेंडू शेवटच्या रेषेपलीकडे नेऊन मिळवलेले गुण). २० ऑक्टोबर २०२४ला तो जायंट्सच्या मैदानावर, ईस्ट रदरफर्डला परतला, हुर्यो झेलत १७ कॅरींत (चेंडू घेऊन मारलेल्या धावांत) १७६ यार्ड पळाला, आणि ईगल्स २८-३ने जिंकले. कारकिर्दीतला सर्वोच्च आकडा टप्प्यात असतानाही उरलेला वेळ राखीव मुलांना द्या म्हणून तो बाकावर बसला. मोसमाअखेर २,००५ यार्ड झाले. एरिक डिकरसनचा १९८४चा २,१०५ यार्डांचा विक्रम मोडायला १०१ हवे होते आणि शेवटचा सामना नेमका जायंट्सशी होता. कोचने त्याला विश्रांती दिली. ९ फेब्रुवारी २०२५ला, अठ्ठाविसाव्या वाढदिवशी, तो सुपर बोल जिंकला. जायंट्सचा हंगाम ३-१४ असा संपला होता आणि १६ कोटींच्या क्वार्टरबॅकला नोव्हेंबरमध्येच नारळ मिळाला होता.

न्यू जर्सीत हे सगळं फार जवळून सोसावं लागलं. राज्याचा उत्तर भाग जायंट्सचा, दक्षिण ईगल्सची. एडिसनसारख्या मधल्या गावांत, जिथे मराठी घरंही पुष्कळ आहेत, एकाच रस्त्यावर दोन्ही रंगांच्या जर्सी दिसतात.

आता लाइनचा मुद्दा. जायंट्सकडे २०२३मध्ये त्याची सरासरी कॅरीमागे ३.९ यार्ड होती, ईगल्सकडे २०२४मध्ये ५.८. एवढी उडी एकट्या पायांच्या जोरावर कोणी घेत नाही. शिवाय ईगल्सचा क्वार्टरबॅक स्वतः पळणारा, त्यामुळे बचावाला दोघांवर नजर ठेवावी लागते. पण "कोणीही पळेल" हे तपासून पाहता येतं. २०२३मध्ये जवळपास त्याच लाइनमागे दुसरा रनिंग बॅक १६ सामने पळाला होता. चांगला खेळाडू, तरी त्याचे १,०४९ यार्ड झाले, सरासरी ४.६. बार्कली आला तेव्हा तर अनुभवी सेंटर (लाइनच्या मधोमध खेळणारा) नुकताच निवृत्त झाला होता. रॅम्सविरुद्धच्या २५५ यार्डांच्या रात्री त्याने ७० आणि ७२ यार्डांचे दोन टचडाउन केले. पहिले पाच-सात यार्ड लाइनने मोकळे करून दिले असतील, पुढचे साठ-पासष्ट त्याचे स्वतःचे होते. त्याच वर्षी टेनेसीने सोडलेला डेरिक हेन्री बाल्टिमोरकडून १,९२१ यार्ड पळाला. दीर्घ कराराच्या लायकीचे नाहीत म्हणून सोडलेल्या रनिंग बॅकनी तो हंगाम गाजवला, आणि मार्च २०२५मध्ये बार्कली वर्षाला २ कोटींहून जास्त सरासरीचा करार मिळवणारा पहिला रनिंग बॅक ठरला.

२०२५ने मात्र चित्र पुन्हा गढूळ केलं. नारळ मिळालेला तो क्वार्टरबॅक इंडियानापोलिसला गेला आणि पहिल्या दहापैकी आठ सामने जिंकला. म्हणजे जायंट्सच्या त्या वर्षांत बिघाड या दोघांच्या आजूबाजूलाच होता, असं म्हणणाऱ्यांची बाजू जड झाली, आणि मलाही तिचं वजन मान्य करावं लागतं. बार्कलीची सरासरी उतरली. ९ ऑक्टोबरला जायंट्सनी ईगल्सना ३४-१७ने हरवलं, आणि तीन टचडाउन केले चौथ्या फेरीत घेतलेल्या नवख्या रनिंग बॅकने. रनिंग बॅक स्वस्तात मिळतो म्हणणाऱ्यांना याहून चांगला पुरावा नको होता. अडीच आठवड्यांनी, २६ तारखेला, फिलाडेल्फियात बार्कलीने सुरुवातीलाच ६५ यार्डांची धाव मारली, एकूण १५० यार्ड काढले, आणि ईगल्स ३८-२०ने जिंकले. त्याच सामन्यात त्या नवख्याचा घोटा निखळला. त्याला मैदानातून गाडीवर बाहेर नेलं आणि त्याचा हंगाम तिथेच संपला.