किझाएमोनचा वाडगा : जपानी चहापरंपरेची पार्श्वभूमी

क्योतो शहरातील दाइतोकुजी या झेन मठाच्या परिसरात कोहोआन नावाचे एक उपमंदिर आहे आणि तेथे चहाचा एक वाडगा जपून ठेवलेला आहे. पेटीच्या आत पेटी आणि तिच्याही आत रेशमी वेष्टन अशा बंदोबस्तात राहणारा हा वाडगा जपानने 'राष्ट्रीय ठेवा' म्हणून घोषित केला आहे. प्रत्यक्षात त्याचे रूप अगदी साधे आहे. पिकलेल्या लोकाट फळासारखा फिकट पिवळसर रंग, चाकावर झरझर फिरलेल्या बोटांच्या स्पष्ट वळ्या, किंचित कललेला काठ आणि बुडाच्या कडीभोवती आकसून दाणेदार झालेली झिलई. ही दाणेदार झिलई भट्टीत पुरती वितळली नाही म्हणून तशी राहिली, म्हणजे रोजच्या धंद्याच्या हिशेबाने तो दोषच. जपानी रसिकांनी मात्र नेमक्या त्या दोषाला स्वतंत्र नाव दिले आणि या जातीचा वाडगा पारखताना ते आजही सर्वांत आधी बूड पाहतात.

'किझाएमोन' हे नाव वाडग्याच्या एका जुन्या मालकाचे, ओसाकातील एका व्यापाऱ्याचे आहे. दिवाळे निघून रस्त्यावर येण्याची वेळ आली तरी त्याने वाडगा विकला नाही, अशी आख्यायिका सांगतात. पुढे अठराव्या शतकात मात्सुदाइरा फुमाइ या चहाप्रेमी सरदाराने तो मोठी किंमत मोजून घेतला आणि त्याच्या कुटुंबाने तो कोहोआनला अर्पण केला. मालकांची अशी तपशीलवार नोंद असलेल्या या वाडग्याच्या कर्त्याचे नाव मात्र कोणालाही ठाऊक नाही. तो जपानी नव्हता, एवढे निश्चित. सोळाव्या शतकातील कोरियात, जोसन राजवटीत, एका कुंभाराने तो घडवला. तो भाताचा रोजचा वाडगा होता असे दीर्घकाळ मानले गेले. तो पूजेअर्चेचे पात्र असावा, असेही काही अभ्यासक म्हणतात. चहासाठी मात्र तो घडवलेला नव्हता. जपानी संस्कृतीचे शिखर म्हणून जे जगाला दाखवले जाते, त्याच्या मध्यभागी कोरियन कुंभाराचे काम कसे येऊन बसले, हे समजून घ्यायचे तर आधी चहाच्या मागोमाग चीनला जावे लागते.

चहावरचा पहिला मोठा ग्रंथ आठव्या शतकात, तांग काळातील चीनमध्ये लू यू याने लिहिला. त्या काळी चहाच्या पानांच्या वड्या थापून वाळवत, त्या भाजून कुटत आणि ती पूड चिमूटभर मिठासह उकळत. लोक त्यात आले, चिनी बोरे, संत्र्याची साल, पुदिना असे काय काय घालत आणि लू यूला ते अजिबात खपत नसे. गवती चहा आणि आले यांच्याशिवाय ज्यांची सकाळ सुरू होत नाही अशा आपल्यासारख्यांना हे वाचताना गंमत वाटते, पण त्याच्या या आग्रहातूनच चहा स्वतःच्या चवीने पिण्याचे पेय ठरले. पुढे सोंग काळात उकळण्याची पद्धत मागे पडली. बारीक दळलेली पूड थेट वाडग्यात घेऊन, वर गरम पाणी ओतून ती बांबूच्या घुसळणीने फेटण्याची रीत आली. झेन मठांत रात्रीच्या ध्यानाला जाग राहावी म्हणून भिक्षू असा चहा घेत आणि तेथे शिकायला गेलेल्या जपानी भिक्षूंनी ही रीत परत नेली. त्यांतील एइसाइ हा 1191 मध्ये चीनहून परतला आणि 1211 मध्ये त्याने चहाने आयुष्य कसे वाढते हे सांगणारा ग्रंथ लिहिला. जपानमध्ये चहा प्रथम औषध म्हणून मानाला चढला, त्याचे मूळ येथे आहे.

यानंतर जे घडले ते मला फार महत्त्वाचे वाटते. 1391 मध्ये मिंग सम्राट होंगवू याने दरबाराला नजराणा म्हणून येणाऱ्या चहाच्या वड्या बंद करून सुट्या पानांचा चहा पाठवण्याचा हुकूम काढला. वड्या घडवण्यात प्रजेचे श्रम वाया जातात, हे त्याचे कारण होते. हळूहळू सगळा चीन सुटी पाने पाण्यात मुरवून पिऊ लागला आणि फेटलेल्या चहाची रीत तिच्या जन्मभूमीतून नाहीशी झाली. ती टिकली जपानमध्ये. आज 'माचा' या नावाने पुण्या-मुंबईच्या कॅफेंतही मिळणारा हिरवा चहा आपण अस्सल जपानी म्हणून पितो, पण तो घुसळण्याची रीत मूळची सोंग काळातील चीनची आहे.

ती टिकवण्यासाठी जपानी कारागिरांनी घेतलेले कष्ट मात्र पूर्णपणे त्यांचे आहेत. क्योतोजवळच्या उजी भागात वसंतातील तोडणीपूर्वी सुमारे 3 आठवडे चहाच्या झुडपांवर बोरू आणि भाताच्या पेंढ्याचे छप्पर घालत, त्यामुळे सावलीत पानांचा रंग गडद होतो आणि तुरटपणा कमी होतो. पाने वाफवून, वाळवून, देठ-शिरा काढून दगडी जात्यावर दळतात आणि असे जाते तासाभरात जेमतेम 30 ते 40 ग्रॅम पूड देते, कारण वेग वाढवला की दगड तापतो आणि वास उडून जातो. घुसळणी, म्हणजे 'चासेन', नारा प्रांतातील ताकायामा गावात बांबूच्या एकाच पेरापासून होते. पेराचे एक टोक सुरीने आधी थोड्या जाड फाकांत उकलतात, प्रत्येक फाक पुन्हा चिरतात, चिरलेल्या काड्या टोकाकडे कागदाइतक्या पातळ तासतात आणि शेवटी आतल्या व बाहेरच्या काड्या दोऱ्याने विणून वेगळ्या करतात. मूठ आणि घुसळणी यांत कोठेही सांधा नसतो.

पंधराव्या शतकापर्यंत जपानी सरदारांच्या चहाच्या बैठकी चिनी वस्तूंच्या प्रदर्शनासारख्या झाल्या होत्या. निर्दोष झिलईचे चिनी वाडगे, चिनी चित्रे, चिनी फुलदाण्या हीच प्रतिष्ठेची खूण होती. चहाचे आचार्य मुराता जुको, त्याच्यानंतर ताकेनो जोओ आणि अखेर साकाइ बंदरातील व्यापारी घराण्यात जन्मलेला सेन नो रिक्यू (1522–1591) यांनी ही आवड पालटवली. खोली लहान झाली आणि दार इतके बुटके झाले की सामुरायलाही तलवार बाहेर ठेवून गुडघ्यांवर सरपटत आत यावे लागे. क्योतोजवळ यामाझाकी येथे आजही उभे असलेले रिक्यूचे ताइआन हे चहागृह अवघ्या 2 चटयांचे आहे. चहापूर्वीचे जेवणही भात, एक सूप आणि मोजके पदार्थ एवढ्यावर आले. त्या जेवणाला पुढे 'काइसेकी' म्हणू लागले आणि तो शब्द ज्या चिन्हांनी लिहितात त्यांचा अर्थ आहे उराशी धरलेला दगड, कारण भूक मारण्यासाठी झेन भिक्षू गरम दगड पोटाशी बांधत असे सांगतात. आज काइसेकी हे महागड्या भोजनाचे नाव झाले आहे, तेव्हा हा अर्थ आठवणीत ठेवलेला बरा. याच पालटलेल्या नजरेने रसिक कोरियन वाडग्याकडे वळले, कारण चिनी वाडग्याच्या निर्दोषपणात त्यांना न सापडलेली साधी ऊब त्यात होती.

त्याच सुमारास या कथेत गोव्याचाही एक धागा येतो. सेंट फ्रान्सिस झेवियर 1549 मध्ये गोव्याहून निघून मलाक्कामार्गे कागोशिमाला उतरला आणि त्यानंतर जपानमधील जेझुइट या ख्रिस्ती संघाच्या मिशनचा कारभार दीर्घकाळ गोव्याशी जोडलेला राहिला. मिशनचा निरीक्षक अलेस्सांद्रो वालिन्यानो याने जेझुइटांच्या घरांत पाहुण्यांसाठी चहाची सोय असलीच पाहिजे असा दंडक घातला. लहानपणी जपानला पोहोचलेल्या जुआंव रॉद्रिगेश या पोर्तुगीज पाद्र्याने सतराव्या शतकाच्या आरंभी चहागृहाचे जे वर्णन लिहिले, ते युरोपीय भाषांतील सुरुवातीच्या सविस्तर वर्णनांपैकी एक आहे. पोर्तुगीज आणि नंतर डच जहाजांतून भारतीय छापील सुती कापडही जपानला गेले. 'सारासा' या नावाने ते इतके मोलाचे ठरले की चहाची डबी ठेवायच्या पिशव्या त्याच्या लहान लहान तुकड्यांच्या शिवल्या गेल्या.

रिक्यू ज्याच्या पदरी होता त्या जपानच्या सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशीने 1591 मध्ये त्याला पोट चिरून घेण्याची आज्ञा दिली आणि पुढच्याच वर्षी कोरियावर स्वारी केली. 1592 आणि 1597 अशा दोन चढायांनी कोरियन द्वीपकल्प उद्ध्वस्त झाला. पराक्रमाचा पुरावा म्हणून कापून पाठवलेली माणसांची नाके ज्या टेकाडाखाली पुरली, ते क्योतोत आजही दिसते. परतताना पश्चिम जपानच्या सरदारांनी आणखी एक लूट आणली, ती म्हणजे कोरियन कुंभार. हागी, कारात्सू, अरिता, सात्सुमा या जपानी मातीकामाच्या प्रसिद्ध परंपरांच्या मुळाशी हे धरून आणलेले कारागीर आहेत. म्हणूनच जपानमध्येही या स्वारीला 'मातीच्या भांड्यांचे युद्ध' म्हटले गेले. या चढायांविषयी लिहिताना कलेचा प्रसार झाला असे म्हणून पुढे जाणे मला अन्यायाचे वाटते. घरादारातून उचलून समुद्रापार नेलेल्या माणसांची ही गोष्ट आहे.

त्यांतील यी साम-प्योंग याला 1616 च्या सुमारास अरिताजवळ चिनी मातीसाठी लागणारा दगड सापडला, अशी परंपरा आहे. जपानमध्ये पोर्सेलिन घडू लागले ते तेथून. चीनमध्ये मिंग राजवट कोसळून तेथील पुरवठा तुटला, तेव्हा डच ईस्ट इंडिया कंपनीने अरिताकडे मोर्चा वळवला आणि जवळच्या बंदराच्या नावाने ती भांडी 'इमारी' म्हणून युरोपभर गेली. अरिताच्या टेकडीवरील देवस्थानात यी साम-प्योंगची आजही पूजा होते.

सात्सुमातील नाएशिरोगावा गावाची हकीकत अधिक बोचणारी आहे. 1598 मध्ये कोरियातील नामवॉन परिसरातून पकडलेले कुंभार शिमाझु सरदारांनी तेथे वसवले आणि त्यांनी कोरियन भाषा, पोशाख व नावे सोडू नयेत असा सक्त नियम केला. म्हणजे ते मिसळूही शकत नव्हते आणि परतही जाऊ शकत नव्हते. त्यांनी सुरुवातीला घडवलेल्या वाडग्यांना 'हिबाकारी' म्हणतात. त्याचा अर्थ 'फक्त अग्नी'. माती कोरियाची, झिलई कोरियाची, हातही कोरियाचे, जपानची होती ती केवळ भट्टीतील आग.

पुढची तीन शतके चहापरंपरा घराण्यांच्या हाती स्थिरावली. तिला पुन्हा जगाच्या चर्चेत आणले ते जपानी कलाचिंतक ओकाकुरा काकुझो याच्या पुस्तकांनी. 1902 मध्ये तो भारतात होता. स्वामी विवेकानंदांबरोबर तो बोधगयेला गेला आणि कलकत्त्यात ठाकूर घराण्याशी त्याचा निकटचा स्नेह जडला. 1903 मध्ये लंडनमध्ये निघालेल्या त्याच्या इंग्रजी पुस्तकाचे पहिले वाक्य 'आशिया एक आहे' असे होते आणि 1906 मध्ये त्याने पाश्चात्त्य वाचकांसाठी चहावरचे आपले छोटे पुस्तक लिहिले. जपान शांततेच्या कलांत रमला होता तोवर त्याला रानटी म्हटले आणि रशियाविरुद्ध मांचुरियाच्या रणांगणावर कत्तल करताच सुसंस्कृत मानले, ही त्याची तक्रार वाजवी होती. तरीही याच ओकाकुराने 1904 च्या दुसऱ्या एका पुस्तकात कोरियावरील जपानच्या हक्काची तरफदारी केली होती, हे विसरता येत नाही. 1910 मध्ये जपानने कोरिया गिळंकृत केला आणि 'आशिया एक आहे' हे वाक्य पुढे साम्राज्यवाद्यांच्या घोषणेसाठी वापरले गेले.

वेगळी वाट धरणाऱ्यांपैकी जपानी कलासमीक्षक यानागी सोएत्सु हा एक होता. 1914 मध्ये कोरियात शिकवणारा असाकावा नोरिताका हा तरुण यानागीकडचे फ्रेंच शिल्पकार रोदँचे शिल्पकाम पाहायला आला आणि येताना त्याने जोसन काळातील एक चिनी मातीचे भांडे भेट आणले. त्या भांड्याने यानागीचे आयुष्य वळवले. तो पुन्हा पुन्हा कोरियात गेला, 1919 च्या स्वातंत्र्य आंदोलनानंतर कोरियन जनतेच्या बाजूने त्याने जपानी वृत्तपत्रात लिहिले आणि सोलचा ग्वांगह्वामुन दरवाजा पाडण्याचा घाट जपानी सत्तेने घातला तेव्हा 1922 मध्ये त्याविरुद्ध लेख लिहिला. दरवाजा पाडला गेला नाही, पण मूळ जागेवरून हलवला गेला. 1924 मध्ये त्याने आणि असाकावा बंधूंनी ग्योंगबोकगुंग राजवाड्याच्या आवारात कोरियन लोककलेचे संग्रहालय उघडले. नोरिताकाचा धाकटा भाऊ ताकुमी वनखात्यात नोकरीला होता. तो कोरियन भाषा शिकला, कोरियन पोशाखात वावरला आणि जेवणाच्या बुटक्या लाकडी चौरंगांवर त्याने पुस्तक लिहिले. या मंडळींत मला सर्वाधिक आदर त्याच्याविषयी वाटतो. 1925 मध्ये यानागी आणि त्याच्या कुंभार मित्रांनी सामान्य माणसाच्या कारागिरीसाठी 'मिंगेइ' हा शब्द घडवला आणि 1936 मध्ये तोक्योत त्याचे संग्रहालय उभे राहिले.

किझाएमोनचा वाडगा यानागीने 1931 च्या वसंतात पाहिला. इतका साधा वाडगा आपण कल्पिला नव्हता, हा आपला पहिला विचार त्याने नोंदवला आणि ज्याने तो घडवला त्या निरक्षर, गरीब कुंभाराला त्याचे श्रेय दिले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये ताकुमीचे वयाच्या चाळिशीत निधन झाले आणि त्याला सोलजवळच्या मातीत पुरले. यानागीवर कोरियन अभ्यासकांनी पुढे टीका केली. कोरियन कलेला दुःखाचे सौंदर्य म्हणून त्याने तिला पराभूतांच्या चौकटीत बसवले, हा आक्षेप मला योग्य वाटतो. कुंभाराला कसबी म्हणण्याऐवजी भोळा म्हणणे हा त्याच विचाराचा भाग होता.

नाएशिरोगावाचे नाव आता मियामा आहे. 1941 मध्ये आणि पुन्हा 1945 मध्ये जपानचा परराष्ट्रमंत्री असलेला तोगो शिगेनोरी हा याच गावातील कोरियन वंशाच्या घरातला. त्याच्या वडिलांनी मूळचे पाक हे आडनाव सोडून तोगो हे नाव घेतले होते. शिम घराण्याने मात्र कुंभारकामात जुने नाव जपले, ते पिढ्यान्‌पिढ्या 'शिम सू-ग्वान' या एकाच नावाने चाक चालवत आले. 1998 मध्ये त्यांच्या पूर्वजांना आणल्याला 400 वर्षे झाली. त्या वर्षी नामवॉनमध्ये चेतवलेला अग्नी समुद्रमार्गे मियामाला आणला गेला आणि त्या अग्नीवर तेथील भांडी भाजली. या वेळी माती आणि हात जपानचे होते आणि आग कोरियाची.