वाचलं की कळतं, विचारलं की अडतं

गेल्या दिवाळीत माझी भाची पेढे घेऊन बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या घरी आली होती. सीएफए या गुंतवणूक क्षेत्रातल्या परीक्षेच्या तीन लेव्हलपैकी पहिली ती पास झाली होती. या उन्हाळ्यात तीच भाची दुसऱ्या लेव्हलची मॉक, म्हणजे सराव परीक्षा, देऊन आली आणि चप्पल न काढताच झोपाळ्यावर बसली. "मावशी, वाचलं की सगळं कळतं गं. प्रश्न समोर आला की हात थांबतो. मागच्या वेळी असं नव्हतं. मी ढ झाले का?"

बडोद्याच्या मराठी घरांना अशा परीक्षांचं नावीन्य नाही. सयाजीराव महाराजांनी १९०८ साली बँक काढली, आणि माझ्या वडिलांच्या पिढीत घरटी एखादा तरी बँकेत असायचाच. त्यांच्या वेळी सीएआयआयबी या बँकवाल्यांच्या परीक्षेचे पार्ट वन आणि पार्ट टू होते. पार्ट वन झालेला माणूस ऑफिसात जरा मोठ्यानेच बोलतो, असं वडील म्हणायचे. मी पुढे मानसशास्त्र शिकवलं, तेव्हा त्या मोठ्या आवाजाचं कारण कळलं. भाचीला मात्र आधी तिच्या परीक्षेकडेच नीट बघायला सांगितलं.

पहिल्या लेव्हलला १८० प्रश्न असतात. प्रत्येकाला तीन पर्याय, चुकलं तरी गुण कापत नाहीत. दुसऱ्या लेव्हलला प्रश्न ८८च, पर्यायही तीनच, पण दर वेळी आधी एक लांबलचक उतारा वाचायचा आणि त्यावरचे चार प्रश्न सोडवायचे. तिसरीत साधारण निम्मा पेपर स्वतःच्या शब्दांत लिहायचा असतो.

बाँडचं, म्हणजे कर्जरोख्याचं, 'ड्युरेशन' घ्या: व्याजदर हलला की किंमत किती हलते, त्याचं माप. पहिल्या लेव्हलला ते ५ असेल, तर व्याजदर एक टक्क्याने वाढल्यावर किंमत अंदाजे पाच टक्क्यांनी घसरेल, एवढं आलं की भागतं. दुसरीत तोच बाँड कंपनी मुदतीआधी परत घेऊ शकते अशी अट येते. दर पडले की कंपनी तो परत घेण्याची शक्यता वाढते, म्हणून किंमत हवी तेवढी चढत नाही आणि साधा हिशेब मोडतो. तिसरीत समोर पेन्शन फंड असतो. त्याच्या पुढच्या देण्यांशी गुंतवणुकीचं ड्युरेशन कसं जुळवाल, कारणासह लिहा. शब्द एकच, पण पहिल्यांदा तो ओळखायचा, मग वापरायचा आणि शेवटी कोऱ्या कागदावर उभा करायचा.

ओळखणं आणि आठवणं ही स्मृतीची दोन वेगळी कामं आहेत. रावपुऱ्यात समोरून येणारा चेहरा ओळखीचा वाटतो, नाव मात्र ओठांवर येत नाही, त्यातलाच हा प्रकार. पर्याय समोर असले की ओळख पुरते. आणि पुन्हा पुन्हा वाचल्याने नेमकी ओळखच वाढते.

रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली हे प्रयोगाने दाखवलं. विद्यार्थ्यांच्या एका गटाने एक उतारा चार सत्रांत वाचला. दुसऱ्या गटाने एकाच सत्रात वाचला आणि तीन सत्रांत न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे होते, ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्याने चित्र उलटलं: वाचणारे ४० वर, आठवून लिहिणारे ६१ वर. खरी गंमत पुढे आहे. आठवड्यानंतर आपल्याला किती आठवेल असं विचारल्यावर जास्त खात्री वाचणाऱ्यांनाच होती! पान सहज वाचलं जातं, आणि मन त्या सहजपणालाच ज्ञान समजून बसतं.

त्यात पर्यायांमुळे फुकट मिळणारी मदतही धरा. समजा, पहिल्या लेव्हलला तुम्हाला १८० पैकी ९० प्रश्न खरोखर येतात. उरलेल्या ९० ना डोळे मिटून खूण केली, तरी सरासरी ३० बरोबर येतील. बेरीज १२०, म्हणजे ६७ टक्के. घरी येऊन तुम्ही म्हणणार, दोन तृतीयांश विषय हातात आहे. आहे निम्माच. लेखी उत्तरात ही खिरापत मिळत नाही.

आता भाचीच्या 'ढ'कडे. मे २०२१ मध्ये पहिल्या लेव्हलला २५ टक्के पास झाले, दुसरीला ४०, तिसरीला ४२. आकडे वाचून वरची लेव्हल सोपी वाटेल. पण वर पोचतात ते खालच्या चाळणीतून उरलेले. दुसऱ्या लेव्हलच्या हॉलमध्ये पहिलीत अडकलेला माणूसच नसतो. शेजारचे बदलले की आपली जागाही बदलते, आपण तेवढेच असलो तरी.

मूर आणि हीली या संशोधकांनी २००८ साली मांडलेला मुद्दा इथे चपखल बसतो. काम सोपं असेल तर माणसाला आपण इतरांहून सरस आहोत असं वाटतं, अवघड असेल तर इतरांहून मागे. आपली धडपड आतून दिसते, दुसऱ्याची दिसत नाही. म्हणून अवघड पेपरनंतर बाहेरच्या चहाच्या टपरीवर प्रत्येकालाच वाटतं, फक्त माझंच गेलं.

माणूस स्वतःच्या कुवतीचा अंदाज कसा चुकवतो, यावरचं डनिंग आणि क्रुगर यांचं १९९९चं संशोधन हल्ली दुसऱ्याला मूर्ख ठरवायलाच वापरतात. तळाचे विद्यार्थी प्रत्यक्षात शंभरात खालून बाराव्या जागी होते आणि स्वतःला खालून बासष्टाव्या जागी समजत होते, हा भाग सगळ्यांना पाठ असतो. त्यातला किती भाग निव्वळ आकडेशास्त्राचा खेळ आहे, यावर वादही आहे. मला त्यातला दुसरा निष्कर्ष जास्त आवडतो: वरचे विद्यार्थी स्वतःची जागा कमी धरत होते, कारण आपल्याला आलं ते सगळ्यांनाच आलं असेल, असा त्यांचा समज होता. इतरांचे पेपर दाखवल्यावर त्यांनी अंदाज सुधारला. तळाच्यांनी नाही.

भाचीला मी एक वही दिली. मॉक सोडवताना प्रत्येक उत्तराशेजारी खात्रीचा आकडा लिहायचा: ३३, ६० किंवा ९०. तेहतीस म्हणजे शुद्ध अंदाज. हवामानाचे अंदाज तपासायला ग्लेन ब्रायर यांनी १९५० साली जे गणित दिलं, त्याचंच हे घरगुती रूप. "पावसाची शक्यता ७० टक्के" असं ज्या दिवशी सांगितलं, त्यातल्या शंभरांपैकी सत्तर दिवस पाऊस पडला तर अंदाज खरा.

तीन मॉकनंतर वही उघडली. डेरिव्हेटिव्ह्ज या अवघड वाटणाऱ्या विषयात तिने भीतीने जागोजागी ६० लिहिले होते आणि बहुतेक उत्तरं बरोबर होती. एथिक्समध्ये, म्हणजे धंद्यातल्या नीतिनियमांच्या विषयात, ओळीने ९० होते. तिथे दर तीन उत्तरांत एक चूक.

"एथिक्स तर मी चार वेळा वाचलंय," ती म्हणाली, आणि वही माझ्या हातातून काढून घेऊन पुन्हा मोजायला बसली.