एकच नाकपुडी चोंदते तेव्हा

सर्दी आणि अ‍ॅलर्जी सहसा दोन्ही नाकपुड्या धरतात. नाकाचा पडदा वाकडा असला तर एकच बाजू बंद राहते, पण ते बहुधा वर्षानुवर्षांचे दुखणे असते. नव्याने एकच नाकपुडी चोंदली, त्याच बाजूने रक्ताळलेला शेंबूड येऊ लागला आणि तीन-चार आठवड्यांत औषधाने फरक पडला नाही, तर दुर्बिणीने तपासायलाच हवे.

नाकातली गाठ उशिरा कळते, कारण तिला वाढायला मोकळी जागा असते. गालामागच्या सायनसची पोकळी सुमारे १५ मिलिलिटर. ती भरून गाठ जी भिंत पोखरते, तशी लक्षणे दिसतात: खाली गेली तर वरची दाढ हलते किंवा कवळी बसेनाशी होते, पुढे आली तर गाल बधिर होतो, वर सरकली तर डोळा पुढे येतो. दाढ काढूनही जखम भरत नसेल, तर सायनसचा स्कॅन करावा.

तपासताना बधिर करणाऱ्या आणि सूज उतरवणाऱ्या औषधात भिजवलेली पट्टी दहा मिनिटे नाकात ठेवतात, मग ४ मिलिमीटर जाडीची दुर्बीण घालतात. साधा पॉलिप, म्हणजे सुजलेल्या अस्तराचा मऊ फुगवटा, सोललेल्या द्राक्षासारखा फिकट दिसतो, काडी लावली तरी दुखत नाही. गाठ बरेचदा लालसर, खरबरीत, हात लागताच रक्त येणारी.

इथे तपासणीसाठी गाठीचा तुकडा घेण्याची घाई नडते. वयात येणाऱ्या मुलात ती रक्तवाहिन्यांनी भरलेली अँजिओफायब्रोमा असू शकते, तुकडा घेताच रक्त थांबता थांबत नाही. तिचे निदान स्कॅनवरच होते, आणि शस्त्रक्रियेआधी एक-दोन दिवस तिच्या रक्तवाहिन्या बुजवतात. तान्ह्या बाळात तर नाकात उतरलेला मेंदूचा भाग असू शकतो. म्हणून आधी स्कॅन, मग चिमटा.

सीटीवर हाड किती झिजले ते दिसते. पण गाठ आणि तिच्यामागे तुंबलेला शेंबूड दोन्ही करडेच, त्यामुळे गाठ आहे त्याहून मोठी वाटते. एमआरआयच्या टी-२ प्रकारच्या चित्रांत शेंबूड बहुतेक वेळा पांढराशुभ्र दिसतो, गाठ करडी.

इन्व्हर्टेड पॅपिलोमा, म्हणजे नाकाच्या अस्तरातून आतल्या बाजूला वाढणारी गाठ, हा कर्करोग नव्हे, पण भारी चिवट. दिसतो तेवढाच खुडला की पुन्हा उगवतो. सीटीवर जिथे हाड एका ठिकाणी जाड झालेले दिसते, तिथे बहुधा त्याचे मूळ असते. तिथले अस्तर सोलून खालचे हाड ड्रिलने घासावे लागते. साधारण ५ ते १० टक्के रुग्णांत त्यात कर्करोग सापडतो, म्हणून काढलेले सगळे पॅथॉलॉजीला जाते.

कर्करोगात बहुधा आधी शस्त्रक्रिया, मग सहा आठवड्यांच्या आत शेक (रेडिएशन): रोज २ ग्रे (किरणांच्या मात्रेचे एकक), आठवड्यातून पाच दिवस, एकूण ६० ते ६६ ग्रे. दृष्टीची नस मात्र ५४-५५ ग्रेपर्यंतच झेपवते. शेकाचे नियोजन तिथेच अवघड होते. लिम्फोमा (लसिका पेशींचा कर्करोग) निघाला तर मोठी शस्त्रक्रिया नको, केमो आणि शेक पुरतो.

शस्त्रक्रियेनंतर खपल्या धरतात, मिठाच्या पाण्याने नाक धुवावे लागते. वाकल्यावर एका नाकपुडीतून पाण्यासारखे स्वच्छ थेंब गळू लागले, तर ते मेंदूभोवतीचे पाणी असू शकते: नाक शिंकरू नये, त्याच दिवशी सर्जनला दाखवावे.